वही जरा लवकर उघडा, आयुक्तसाहेब

मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



मी वडगाव मावळात जमाखर्च लिहितो. किराणा, हार्डवेअर, दोन मंगल कार्यालयं, एक मंडपवाला, एक खडी क्रशर अशी माझी गिऱ्हाइकं. निवडणूक लागली की त्यांत उमेदवारांची भर पडते. खर्च वेळच्या वेळी आयोगाला कळवायचा, निकालानंतर 30 दिवसांत सगळा हिशेब द्यायचा, तो राहिला तर अपात्रतेची टांगती तलवार. हे काम प्रचारात धावणाऱ्या माणसाला जमत नाही आणि कार्यकर्त्यावर टाकायला त्याचं मन धजत नाही. मग बिलांची पिशवी माझ्या टेबलावर येते.

2025च्या डिसेंबरात आमच्या नगरपंचायतीची निवडणूक झाली. 2 तारखेला मतदान झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती न्यायालयाच्या आदेशाने 21 तारखेवर गेली. मतदान उरकलेलं, प्रचार संपलेला, यंत्रं कुलपात, आणि उमेदवाराची वही मात्र निकालापर्यंत उघडी. ऑफिसात येणारे विचारायचे, "आता कार्यकर्त्यांना चहा पाजला तर तो धरायचा का?" ही वही कधी मिटायची याबद्दल नियम एवढा काटेकोर आहे. हे पत्र ती उघडते कधी, याबद्दल आहे.

उमेदवारी अर्ज भरला की खर्च सुरू झाला असं कायदा मानतो. लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम 77 तसं स्पष्टच म्हणतं: अर्जाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. स्थानिक निवडणुकांचा हिशेब त्याच चाकोरीतून चालतो. त्यामुळे माझ्याकडे जे येतं ते असं असतं: स्पीकर लावलेली रिक्षा, पत्रकं, उपरणी आणि टोप्या, फ्लेक्स, कोपरा सभेचा मंडप, खुर्च्या, चहा, वडापाव. प्रत्येकाला पावती, प्रत्येकाचा दर ठरलेला. बेरीज मारली की मर्यादेच्या आत, ऐसपैस बसते. हे हिशेब खोटे असतात असं मी म्हणणार नाही. त्यांत जे लिहिलंय ते बहुतेक खरंच असतं. निवडणूक त्या पंधरा-वीस दिवसांत लढली गेली, एवढाच त्यातला खोटा भाग.

आमची नगरपंचायत 2018ची. पहिली निवडणूक त्याच वर्षी झाली, मुदत 2023मध्ये संपली आणि मग राज्यभर जे झालं तेच इथे झालं: प्रशासक. दोन वर्षांहून जास्त काळ वडगावात नगरसेवक नव्हता, पण भावी नगरसेवक चौकाचौकात होते. त्या काळात काय काय झालं ते मंडपवाल्याच्या वहीतून मला दिसत होतं. गणपतीत मंडळांना वर्गणी, दहीहंडीला बक्षीस, हरिनाम सप्ताहाला एका वेळची पंगत, क्रिकेटच्या स्पर्धा, बैलगाडा शर्यतीचा घाट सजवायचा खर्च. श्रावणात बायकांसाठी देवदर्शनाच्या बसगाड्या, पाण्याच्या बाटलीपासून परतीच्या जेवणापर्यंत सगळं फुकट. "खेळ पैठणीचा" तर विचारू नका. पहिलं बक्षीस पैठणी हे जुनं झालं. आता फ्रिज, शिलाई मशीन, दुचाकी. स्टेजच्या मागच्या पडद्यावर भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि खाली "सौजन्य: अमुक तमुक युवा प्रतिष्ठान".

एका दिवाळीचा हिशेब मांडून दाखवतो. पिशवीत साखर, रवा, तेलाची पिशवी, उटणं, एक साबण, चार पणत्या. पिशवीवर दोन्ही बाजूंनी फोटो. पिशवी चारशे रुपयांची धरा, एका प्रभागात सव्वातीनशे घरं धरा. झाले एक लाख तीस हजार. आपण 2025मध्ये नगरपंचायतीच्या सदस्यपदासाठी खर्चाची मर्यादा ठरवलीत सव्वादोन लाख. म्हणजे निम्म्याहून जास्त मर्यादा एका सणात संपली, आणि वहीत त्याची एक ओळ नाही. अशा तीन दिवाळ्या गेल्या प्रशासकाच्या काळात. भाऊबीजेची ताटं मी धरलेलीच नाहीत.

आता जरा मर्यादेकडेच बघू. आमच्या 17 प्रभागांत दर प्रभागाला साधारण हजार-बाराशे मतदार येतात. सव्वादोन लाख भागिले बाराशे: मतदारामागे एकशे सत्त्याऐंशी रुपये. विधानसभेला मर्यादा 40 लाख, मावळ मतदारसंघात मतदार पावणेचार लाखांच्या वर. मतदारामागे दहा रुपये. लोकसभेला 95 लाख आणि मावळात 2024ला मतदार सव्वीस लाखांच्या आसपास. मतदारामागे चार रुपयेसुद्धा नाहीत. तोच माणूस, तेच मतदान केंद्र, आणि वडगावच्या गटारीसाठी त्याच्यामागे कायद्याने एकशे सत्त्याऐंशी रुपये खर्चायचे, पण दिल्लीला माणूस पाठवायचा तर पावणेचार. हे आकडे कुणी लबाडीने ठरवले असं नाही. खर्च खरोखर किती होतो हे कुणी मोजलंच नाही, म्हणून ते असे आहेत. गोपीनाथ मुंडे यांनी जून 2013मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात सांगून टाकलं होतं की 2009च्या लोकसभेला आपल्याला आठ कोटी लागले. तेव्हा मर्यादा होती 25 लाखांची. आयोगाची नोटीस आली, गाजावाजा झाला, पुढे काही निष्पन्न झालं नाही. मला त्या प्रकरणात मुंडेंपेक्षा समोर बसलेल्या श्रोत्यांचं नवल वाटतं. आकडा ऐकून कुणी चकित झाल्याचं ऐकिवात नाही.

मर्यादा वाढवून मागणारे आपल्याकडे अनेक येत असतील. मी ते मागत नाही. मर्यादा तीच ठेवा, वही मात्र लवकर उघडा.

कधी? माझ्या मते आरक्षण सोडतीच्या दिवशी. वडगावात खरी निवडणूक त्या दिवशी सुरू होते हे आपल्या कोणत्याही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला विचारा. एखाद्याने चार वर्षं एक प्रभाग जोपासलेला असतो, आणि चिठ्ठी निघते महिलांसाठी राखीव. त्याच संध्याकाळी फ्लेक्स बदलतो. भाऊंचा फोटो लहान होऊन कोपऱ्यात जातो, मध्ये वहिनी येतात. "भावी नगरसेवक" पुसून "भावी नगरसेविका". चार वर्षांचा खर्च भाऊंनी केलेला, अर्ज वहिनींचा, वही वहिनींच्या नावाने, बँकेतलं वेगळं खातं वहिनींच्या नावाने, आणि मी वहिनींना कागदावर सही करताना एकदाच भेटतो. कायद्याच्या नजरेने या बाईने सव्वा लाख खर्चून निवडणूक लढवली. त्या आधीचं सगळं भाऊंचं सामाजिक कार्य. उद्या काही चुकलं तर अपात्र व्हायच्या त्या, भाऊ नव्हेत.

सोडतीच्या दिवशी प्रत्येक इच्छुकाने आयोगाकडे एक साधी नोंद करावी: मी इच्छुक आहे, आजपासून माझा आणि माझ्या घरच्यांचा खर्च मी लिहितो. ज्याने नोंद केली नाही त्याला अर्ज भरता येऊ नये, असं करायला कायदा बदलावा लागेल हे मी जाणतो. पण अर्जासोबत मागच्या बारा महिन्यांच्या सार्वजनिक कार्यक्रमांचं विवरण शपथेवर मागणं, हे तेवढं अवघड नसावं. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे आपण शपथेवर विचारताच.

यावर एक उत्तर मला आधीच माहीत आहे: "तो खर्च उमेदवाराचा नाहीच, प्रतिष्ठानचा आहे." हे उत्तर जुनं आहे आणि त्याला इतिहास आहे. 1971च्या लोकसभेला दिल्लीच्या सदर मतदारसंघातून निवडून आलेले अमरनाथ चावला यांच्याविरुद्ध कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. 3 ऑक्टोबर 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च, उमेदवाराला माहीत असेल आणि त्याने तो चालवून घेतला असेल तर, त्याच्याच खात्यात धरायचा. न्या. भगवती यांचा हा निकाल. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून कलम 77ला एक स्पष्टीकरण जोडलं: पक्षाने किंवा दुसऱ्या कुणी केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे. निकालाची शाई वाळायच्या आत निकाल निरुपयोगी. ते स्पष्टीकरण 2003पर्यंत जवळजवळ तीस वर्षं टिकलं; नंतर ते आवळून फक्त पक्षाच्या ठरावीक नेत्यांच्या प्रवासापुरतं ठेवलं. पण "उमेदवाराने स्वतः केलेला किंवा करायला सांगितलेला" हे शब्द तसेच राहिले, आणि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला तर आजही मर्यादा नाही. आमचं गावपातळीवरचं प्रतिष्ठान या फटीतूनच आत येतं. भाऊंनी सांगितलंच नव्हतं, पोरांनी उत्साहाने केलं.

(सही करून कागदाला बेदखल करणं वडगावला तसं नवीन नाही. 1779च्या जानेवारीत इथे इंग्रजांची फौज कोंडीत सापडली, तह करून सुटली, आणि तो तह वॉरन हेस्टिंग्जने पुढे मानलाच नाही. महादजी शिंद्यांचं स्मारक गावात आहे. जाता-येता ते दिसलं की मला उमेदवारांची शपथपत्रं आठवतात.)

पण प्रतिष्ठान काही हवेत नसतं. रीतसर असेल तर ते 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतं, त्याला लेखापरीक्षण असतं. नोंदलेलं नसेल तर पावती पुस्तक छापून वर्गणी कुणाच्या अधिकारात गोळा केली, हा प्रश्न आहेच. ज्या संस्थेच्या बॅनरवर उमेदवाराचा फोटो आहे त्या संस्थेचे मागच्या दोन वर्षांचे हिशेब अर्जासोबत लावा, एवढा एक रकाना आपण वाढवलात तर निम्मी प्रतिष्ठानं पुढच्या सोडतीपूर्वीच गुंडाळली जातील. देणगीदारांची नावंही तिथेच सापडतील. नगरपंचायतीला पैसा देणारे कुणी उद्योगपती नसतात. ते असतात प्लॉटिंगवाले, जेसीबी-डंपरवाले, रस्त्याचा ठेका घेणारे, तळेगावच्या एमआयडीसीतलं भंगार उचलणारे. द्रुतगती मार्ग आल्यापासून या तालुक्यात जमिनीचा भाव जसा वाढला तसा त्यांचा हातही सैल झाला. उद्या बांधकाम परवानगी, नळजोड आणि अंतर्गत रस्ते ज्या सभेत ठरणार त्या सभेतली माणसं निवडायला ते आज पैसे घालतात. यात मला धक्का बसण्यासारखं काही दिसत नाही, व्यवहार आहे. व्यवहाराची नोंद असावी एवढंच माझ्या धंद्याचं म्हणणं.

देशात राजकीय देणग्यांवर कायदा झाला, मोडला, पुन्हा झाला, पण सगळा वरच्या मजल्यावर. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला यांनी परवानगी तर दिली, पण कंपन्यांचा पैसा उद्या लोकशाहीचा गळा आवळू शकतो असा इशारा देऊन संसदेला यात लक्ष घालायला सांगितलं. 1969ला कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985ला उठली. 2013च्या कंपनी कायद्याने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के अशी मर्यादा घातली, 2017ला ती काढली. 2018पासून स्टेट बँकेतून निवडणूक रोखे, देणाऱ्याचं नाव गुप्त. ते 15 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रद्द केले, कोण कुणाला देतं हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे म्हणून. त्या पीठाचे प्रमुख न्या. धनंजय चंद्रचूड होते. बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने एका दिवसात आकडे द्यायला लावले. कोट्यवधींच्या रोख्याचं नाव एका दिवसात कळू शकतं, आणि वडगावातल्या दिवाळीच्या पिशवीचं दोन वर्षांत नाही, हे मला तरी विचित्र वाटतं.

आपल्या हाती काही नाही असं कृपया लिहून पाठवू नका. घटनेच्या कलम 243-के आणि 243-झेडए यांनी स्थानिक निवडणुकांचं नियंत्रण आयोगाकडे दिलंय, आणि आयोगाने ते वापरलेलंही आहे. जुलै 2016मध्ये याच आयोगाने प्राप्तिकर विवरण आणि लेखापरीक्षित हिशेब दिले नाहीत म्हणून 191 पक्षांची नोंदणी रद्द केली होती. जानेवारी 2021च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावी सरपंचपदाचा लिलाव झाला, मंदिराच्या नावाने बोली 2 कोटी 5 लाखांपर्यंत गेली; आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. नंदुरबारमधल्या खोंडामळीतही तेच केलं. त्या लिलावाचा पैसा कुठल्या उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत होता? कुठल्याच नाही. आयोगाने वहीबाहेर बघितलं, आणि जे दिसलं त्यावर कारवाई केली. उमराण्याला जे एका सभेत झालं ते इतर गावांत हप्त्याहप्त्याने होतं, एवढाच फरक.

आणि जी कारवाई रोज होते ती कुणावर? ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14-ब खाली खर्चाचा हिशेब मुदतीत न दिल्याने अपात्र ठरलेले सदस्य गावोगाव सापडतील. यांतल्या बहुतेकांनी खर्च लपवलेला नसतो. त्यांना कागद करायला जमलेलं नसतं. कुणी कातकरी वस्तीवरची बाई राखीव जागेवरून निवडून येते, पॅनेलप्रमुखाने "तुमचा हिशेब मी देतो" म्हणून सांगितलेलं असतं, तो विसरतो, पद तिचं जातं. ज्याने खोटा पण नेटका हिशेब मुदतीत दिला त्याला कुणी विचारत नाही. हिशेब खरा आहे का हे तपासायचा अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने अशोक चव्हाण यांच्या भोकर मतदारसंघाच्या प्रकरणात मे 2014मध्ये केंद्रीय आयोगाला स्पष्ट सांगितलं. चव्हाण यांच्या तिथल्या 2009च्या निवडणुकीत वर्तमानपत्रांतून "अशोकपर्व" म्हणून पानंच्या पानं छापून आली होती, आणि त्यांच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. केंद्रीय आयोगाने हिशेब अयोग्य ठरवला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014मध्ये आयोगाचा आदेश रद्द केला, आणि चव्हाण त्यातून सुटले. त्या निकालाचा मान ठेवूनही म्हणतो: हिशेब तपासायचा अधिकार कागदावर आहे, तो आमच्या तहसील कार्यालयापर्यंत आलेला मी पाहिलेला नाही. तिथे तपासतात ते सही आहे का, पानं पूर्ण आहेत का, तारीख उलटली का.

बंदोबस्ताबद्दलही एक बोलतो. आचारसंहितेत उर्से टोलनाक्यावर गाड्या थांबतात, डिक्की उघडायला लावतात, पन्नास हजारांवर रोकड सापडली की कागद मागतात. भाजी विकून परतलेला शेतकरी आणि लग्नाचा बस्ता बांधायला निघालेलं कुटुंब त्यात अडकतं, तासनतास बसतं. ऑक्टोबर 2024मध्ये आमच्याच जिल्ह्यात खेड-शिवापूरला एका गाडीत पाच कोटींची रोकड सापडली होती, म्हणून नाकाबंदी नको असं मी म्हणत नाही. पण वडगावच्या निवडणुकीचा पैसा टोलनाक्यावरून येत नाही. तो इथेच असतो, आणि आचारसंहिता लागेपर्यंत वाटून झालेला असतो. शेवटच्या दोन रात्रीचं लक्ष्मीदर्शन उरतं तेवढं, त्याला गाडी लागत नाही, खिसा पुरतो.

जानेवारी 2021मध्ये निवडून आलेल्या हजारो ग्रामपंचायतींची मुदत 2026मध्ये संपते. मावळातल्याही बऱ्याच त्यांत आहेत. त्यांच्या पुढच्या निवडणुकांना तीन गोष्टी करून बघा, हवं तर एकट्या आमच्या तालुक्यात. आरक्षण सोडतीच्या दिवशी इच्छुकांची नोंद घ्या आणि खर्च तिथून मोजा. बॅनरवर ज्या संस्थेचं नाव त्या संस्थेचा हिशेब मागा. आणि जमा झालेले सगळे हिशेब, बिलांसकट, निकालानंतर महिनाभर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. संकेतस्थळावर टाकलेली पीडीएफ कुणी उघडत नाही. फलकावरचा कागद गावातला प्रत्येक मंडपवाला, केटरर आणि बसवाला वाचतो, आणि त्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं की आपण कुणाला, कधी, किती गाड्या दिल्या. आपल्या खर्च निरीक्षकाला जे तीन आठवड्यांत शोधता येणार नाही ते ही माणसं पारावर उभ्या उभ्या सांगतील.

असा तक्ता कसा असावा याचा एक नमुना मी तयार केला आहे. रकाने कमी ठेवलेत, तारखेचा रकाना मोठा ठेवलाय. आपल्या कार्यालयाने मागितला तर पाठवून देईन.

कळावे,

आपला,
वडगाव मावळचा एक जमाखर्च लिहिणारा